गेणूने डिस्क सारख्या केल्या

एका गावात एक भोळा गेणू होता. भोळा म्हणजे किती? सांगाल तेवढंच करायचा, आणि सांगाल तस्संच करायचा.

शेवंताताईंच्या फोटो स्टुडिओत तो कामाला होता. गावातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तिथल्या कॉम्प्युटरमध्ये, दोन डिस्कवर ठेवलेले. जे एकीवर, तेच दुसरीवर. एक मेली तरी दुसरी तारेल म्हणून.

ताई म्हणाल्या, "गेणू, रोज कॉम्प्युटरच्या या पानावर इंग्रजी 'यू' अक्षर दोनदा दिसलं पाहिजे. म्हणजे दोन्ही डिस्क ठणठणीत."

एके दिवशी एकच यू दिसला. गेणूने खडू घेतला आणि काचेवर शेजारी दुसरा काढला. झाले दोन!

ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, ते पान जुनं झालं. आत आता नवा कर्नल आलाय. यापुढे त्यालाच विचारायचं."

दुसऱ्या दिवशी गेणू टोपी घालून आला. कॉम्प्युटरला कडक सलाम ठोकला. "कर्नलसाहेब, डिस्क बऱ्या आहेत ना?"

आणि उत्तर ऐकायला काचेला कान लावला.

"तोंडाने नाही रे!" ताई ओरडल्या. "कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा आतला कारभारी. त्याला टाइप करून विचारायचं, हे असं. नुसतं 'क्लीन' आलं पाहिजे."

तिसऱ्या दिवशी गेणूने टाइप केलं. 'क्लीन'च्या मागे भलताच शब्द लटकलेला. डाग दिसतोय, गेणू म्हणाला, आणि साबणाची बादली घेऊन आला. ताईंनी ती वरच्या वर धरली.

"धुवायचं नाही! एक डिस्क बिघडलीय." ताईंनी स्वतःच ती काढली, नवी बसवली. तेवढ्यात लग्नाचं बोलावणं आलं. जाता जाता म्हणाल्या, "दोन्ही डिस्क सारख्या झाल्या पाहिजेत. बाकी मला काही माहीत नाही."

गेणूने पाहिलं. जुनी काठोकाठ भरलेली, नवी रिकामी. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. भरायला वेळ लागतो, पुसायला नाही.

ताई परतल्या. "झाल्या का सारख्या?"

"झाल्या की! एकीत फोटो होते, दुसरीत नव्हते. आता दोन्हीत नाहीत."

मग काय! ताईंनी सांगितलं, लग्नातल्यासारखे नटून या, पुन्हा काढते. अख्ख्या गावाने मुंडावळ्या बांधून रांग लावली. दारात गेणू, जोडप्यांबरोबर आलेली पोरं घरी पिटाळतोय.

"अरे, ही आमचीच पोरं!"

"असतील. पण लग्नात कुठे होती?"