दोन फुटांचा समुद्र आणि हट्टी मासोळी

साताऱ्यातल्या एका दिवाणखान्यात, टीव्ही आणि चपलांचे कपाट यांच्या मधोमध, एक समुद्र राहत असे. लांबीला दोन फूट, उंचीला दीड. खरा समुद्र तिथून घाट उतरून बराच लांब. म्हणून या समुद्राचे मालक सबनीस दर पंधरवड्याला बादलीत पाकिटातले मीठ विरघळवून त्याला भरती आणत. ओहोटी काचेच्या सांध्यातून आपोआप येई, आणि ती नलिनीबाई सबनीस फडक्याने पुसून घेत.

या समुद्रात सर्वांत आधी आली ती एक निळी मासोळी. अंगठ्याएवढी, पण वाण लवंगी मिरचीचा. तळाशी रचलेल्या खडकात तिने एक भोक शोधले, आत शिरून वळून पाहिले आणि ते आपले मानले. मुलांनो, समुद्रातल्या लहान माशाचे सारे आयुष्य अशा एका भोकावर टांगलेले असते. ज्याला भोक आहे तो रात्री आपल्या घरी झोपतो. ज्याला नाही तो दुसऱ्याच्या पोटात झोपतो.

एकट्या मासोळीने सबनीसांच्या डोळ्यांचे पारणे फिटेना. त्यांना रंग हवे होते. ते पुन्हा दुकानात गेले आणि चकचकीत दिसेल त्या माशाकडे बोट दाखवू लागले. दुकानदाराने मान हलवली.

"साहेब, हे सगळे जातीचे भांडखोर. एवढ्याशा पेटीत यांतला एकच ठेवा. दुसरा टाकलात की जागेवरून जुंपलीच म्हणून समजा."

"अहो, आमच्या सोसायटीत एका जिन्यावर चोवीस बिऱ्हाडं राहतात," सबनीस म्हणाले. "ती काय एकमेकांना खातात?"

दुकानदाराने जाळी उचलली. त्याने एकदा खरे सांगून पाहिले होते. धंद्यात तेवढे पुष्कळ झाले.

अशा रीतीने पेटीत आणखी तीन मासे आले. एक पिवळा, ज्याच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखे पाते होते. दुसरा काटेरी, विषाने भरलेल्या काट्यांचा पिसारा मिरवणारा. आणि तिसरा दातेरी, तेव्हा जेमतेम बोटभर. "हे तर अजून बाळ आहे!" असे म्हणून सबनीसांनी त्याला शेवटी, लाडाने सोडले. पिशवीच्या तळाशी शंखातला एक खेकडाही फुकटात आला. फुकट आल्यामुळे तो आल्यापासूनच सर्वांशी नमून वागे.

बाळ वाढू लागले, आणि त्याला कारण होते. घरी पाहुणे आले की सबनीस एकच सोललेली कोळंबी दोऱ्याला बांधून पाण्यात सोडत. चौघांना चार तुकडे टाकले असते तर चौघेही गुपचूप जेवले असते. पण गुपचूप जेवणारे मासे पाहायला चहाला कोण येतो? कोळंबीभोवती झोंबाझोंबी होई, पाहुणे टाळ्या पिटत, आणि घास दर वेळी दातेरी माशाच्या घशात जाई. चौघांचे जेवण एकाच्या अंगी लागले. बोटभराचा तो वीतभर झाला आणि खडकातली सर्वांत रुंद कपार बळकावून बसला.

एके दिवशी पिवळा मासा पेटीभर फिरून दवंडी देऊ लागला, "ऐका हो ऐका! आजपासून दातेरी महाराज या समुद्राचे राजे. पाणी त्यांचं, कोळंबी त्यांची, आणि खडकातली सगळी भोकंही त्यांची. महाराज फेरीला निघाले की ज्यानं त्यानं आपलं भोक रिकामं करून बाहेर उभं राहायचं!"

पिवळ्याला हे काम कुणी दिले होते? कुणीही नाही. त्याच्या शेपटीचा एक तुकडा दातेरीने आदल्याच दिवशी तोडला होता. उरलेली शाबूत राहावी एवढ्यासाठी तो राजनिष्ठ झाला होता.

काटेरी मासा मुकाट्याने आपल्या भोकातून बाहेर येऊन उभा राहिला.

"तुमच्या अंगात तर एवढं विष आहे," निळी मासोळी म्हणाली. "मग का निघालात?"

"विष आहे म्हणूनच संयम पाहिजे," काटेरी मासा पिसारा आवरून म्हणाला. "मी ते वापरत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

राजाची स्वारी निळीच्या दारापुढे आली. ती जागची हलली नाही.

"ए चिमुरडे, बाहेर ये," दातेरी मासा म्हणाला.

"कशाला?"

"मी सांगतोय म्हणून."

"हे माझं भोक आहे. तू नव्हतास तेव्हापासून मी इथं राहते."

"राज्य माझं आहे!"

"मग राज्यात राहा की. माझ्या भोकात तुझं काय काम?"

पिवळ्याने तोंड फिरवले. दातेरी माशाने मुसंडी मारली. पण त्याचे फक्त तोंडच आत गेले, आणि त्या तोंडाचा खालचा ओठ मासोळीने कचकन चावला. मागे हटताना त्यानेही तिच्या पराचा एक लचका तोडला. हे मग रोजचेच झाले. राजा रोज फेरीला येई, रोज ओठ चावून घेई, आणि मासोळीचा एखादा पर रोज थोडा थोडा कमी होई.

"अगं, दे ना सोडून," एकदा शंखातला खेकडा कळवळून म्हणाला. "घटकाभर बाहेर उभं राहायचं, मान खाली घालायची, परत आत जायचं. एवढ्याशा भोकासाठी मरतेस कशाला?"

"काका, आज घटकाभर सोडलं तर उद्या तो दिवसभर मागेल. परवा मी बाहेर आणि तो आत! तुमचं बरं आहे, तुमचं घर तुमच्या पाठीवर. तुम्हाला कोण बाहेर काढणार?"

खेकडा शंखात गेला. न पटलेला मुद्दा ऐकायचा नसेल तर घर जवळ असणे फार सोयीचे पडते.

इकडे फाटके पर पाहून सबनीस अस्वस्थ झाले. मासे पाळणाऱ्या हौशी मंडळींत अशा वेळचा एक तोडगा चालत आलेला आहे, तो त्यांना कुणीतरी सांगितला. भांडण जागेचे आहे ना? मग सगळे खडक उचलावेत आणि नव्याने रचावेत. जुन्या हद्दी पुसल्या जातात, कुणालाच आपले घर ओळखू येत नाही, आणि सगळे नव्याने आलेल्या पाहुण्यांसारखे सभ्य वागतात. तोडगा वाईट नाही. मोठ्या पेटीत तो चालतोही. पण सबनीस माणूस नेटका. त्यांनी बाह्या वर केल्या आणि खडक कपाटातल्या ताटांसारखे एकाला एक चिकटवून लावले. दिसायला झकास झाले. फक्त पूर्वीच्या रुंद कपारीच्या जागी आता कपार उरली नाही, साऱ्या फटीच उरल्या.

गढूळ पाण्यात मासोळीचे भोकही गेले. ती क्षणभर जिथे दार होते त्या जागी नुसतीच तरंगली. मग तिने शोक पुढे ढकलला आणि शोध सुरू केला. तळाशी, कोपऱ्यात, तिला एक अरुंद फट सापडली. आधीच्या भोकापेक्षाही वाईट, खरबरीत आणि वाकडी. ती आत शिरली, वळली आणि तोंड बाहेर करून बसली. पिवळ्याने आणि काटेरीनेही आपापली फट पकडली.

राहिला राजा. त्याच्या जातीची एक रीत असते. कपारीत शिरायचे आणि पाठीवरचा काटा खिट्टीसारखा उभा करायचा. मग तुफान आले तरी कुणी बाहेर ओढू शकत नाही. पण खिट्टी लावायला आधी दार तरी हवे! त्याने एका फटीत डोके घातले, पोट अडकले. दुसऱ्या फटीत पोटापर्यंतही मजल गेली नाही. चौघांच्या कोळंब्या पोटावर घेऊन तो साऱ्या राज्यातून हिंडला, आणि त्याच राज्यात त्याला मावेल अशी जागा कुठेच नव्हती.

"खडक सरकवा!" तो गरजला.

"महाराज, हुकूम सर आँखों पर," पिवळा आतूनच म्हणाला, "पण खडकाला ऐकू येत नाही."

संतापलेला राजा निळीच्या फटीवर धडका देऊ लागला. तिने पुन्हा त्याचा ओठ फोडला. गडबडीत पिवळा जवळून गेला, तर तिने त्यालाही एक चावा ठेवून दिला. आणि नेमके हेच काचेबाहेरून सबनीसांनी पाहिले.

"अरेच्चा! म्हणजे एवढीशी ही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ हीच की!" ते म्हणाले. "हिलाच दुकानात परत देतो."

जाळी खाली आली. पिवळा झटकन आपल्या फटीत शिरला.

"आता तरी शहाणी हो," खेकडा कुजबुजला. "ही वरून आलेली जाळी आहे!"

"वरून आली म्हणून काय झालं? फटीत मावते का?"

जाळी फटीत मावत नव्हती. सबनीसांनी काडीने डिवचले. मासोळी काडीला चावली. त्यांनी बोट घातले. ती बोटाला चावली. तिचे अंग खरचटले, उरलासुरला पर फाटला, पण फटीतून ती तसूभर हलली नाही. सबनीसांचा सदरा कोपरापर्यंत भिजला आणि समुद्राला फरशीवर अवेळी ओहोटी आली.

"अहो, पुरे झालं ते!" नलिनीबाई फडके घेऊन धावल्या. "फरशीचं तळं झालंय. जो हाती लागेल तो काढा आणि आवरा!"

हाती कोण लागणार? ज्यांना लपायला जागा होती ते सगळे लपले होते. उघड्या पाण्यात एकटा राजा तेवढा वीतभर अंग घेऊन उभा होता. जाळीचा एकच फेर, आणि दातेरी महाराज प्लास्टिकच्या पिशवीत गेले. न्याय झाला असे म्हणवत नाही, मुलांनो, कारण न्याय करायचे कुणाच्याच मनात नव्हते. पण झाले ते बरे झाले.

पिशवी दाराबाहेर पडते न पडते तोच पिवळा मासा निळीच्या फटीपुढे हजर झाला.

"राणीसाहेबांचा विजय असो!" तो लवून म्हणाला. "दवंडी आत्ताच देऊ, की फराळानंतर?"

"इथं कुणी राणीबिणी नाही," मासोळी आतून म्हणाली. "ही फट माझी. बाकीचं पाणी ज्याला पोहता येतं त्याचं. आणि तू आणखी जवळ आलास तर चावेन."

पिवळा चार बोटे मागे सरकला. मासोळी तोंड बाहेर काढून, डोळे वटारून, तशीच बसून राहिली.

तात्पर्य विचाराल तर : आपली हक्काची जागा वितीएवढी का असेना, कुणाच्या दरडावण्याने सोडू नये, आणि समुद्र दोन फुटांचा असेल, तर त्याचा राजा होण्याच्या भानगडीत पडू नये.