रंगारगल्लीची पारख

“पण बाबा, गल्लीतलेच लोक गल्लीला नावं ठेवतात, मग मी तिथं घर घ्यावं कसं?”

निरंजनगिरी बाबा मठाच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बळवंत दुधाटे त्यांचा जुना शिष्य. सेलूत त्याचा मंडपाचा धंदा होता. कुठल्याही मैदानावर नुसती नजर टाकून खांब कुठं रोवायचा आणि पाणी कुठं तुंबणार, हे तो सांगायचा. या नजरेचा त्याला अभिमान होता, आणि तो लपवावा असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

स्वतःचं घर मात्र नव्हतं. लग्न झाल्यापासून संसार भाड्याच्या खोल्यांत. भिंतीला खिळा ठोकायचा तरी बायकोला, अनुसयाला, मालकिणीची परवानगी काढावी लागे.

अशात कळलं, रंगारगल्लीतल्या सटवाजी रंगाऱ्याचं घर कर्जापायी बँकेनं ताब्यात घेतलंय आणि लिलावात निघालंय. बळवंत लगेच बघून आला. भिंती दगडी, रस्ता रुंद, उतार असा की पाणी कधी शिरायचं नाही. मग शेजार कसा आहे हे विचारायला तो दारोदार फिरला, आणि तिथंच सगळं बिघडलं. एकानं सांगितलं, नळाला पाणी येत नाही. दुसरा म्हणाला, रोज भांडणं होतात. तिसऱ्यानं चोरांचा सुळसुळाट सांगितला, तर समोरच्या ठकूबाईनं घरच अपशकुनी ठरवलं.

“चोर आहेत म्हणाले?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“मग तांब्याचे हंडे कुठं ठेवतात?”

बळवंतच्या डोळ्यांपुढं गल्ली आली. हंडे त्यानं पाहिले होते. प्रत्येक ओट्यावर, बाहेरच, घासून लखलखीत...

“आणि त्या अपशकुनी घराचं अंगण?”

“सारवलेलं होतं. दारापुढं रांगोळी होती.”

“घर तर बंद आहे.”

“बंद आहे, बाबा. बँकेचं कुलूप आहे.”

“हं...”

बाबांनी पुढची शेंग फोडली. बळवंत नमस्कार करून उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो गल्लीत गेला. ठकूबाई बंद घरापुढं वाकून सडा घालत होत्या. त्याला पाहताच त्यांनी बादली खाली ठेवली आणि पुन्हा अपशकुनाची गोष्ट सुरू केली. बळवंतनं ती पूर्ण ऐकून घेतली.

मग म्हणाला, “मावशी, अपशकुनी घरापुढं रांगोळी कुणासाठी काढता?”

ठकूबाईंनी पदरानं हात पुसले.

“ज्याचं घर हाय, त्याच्यासाठी,” त्या म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. सटवाजीनं कर्ज काढून कापड रंगवायची नवी भट्टी बसवली, आणि नेमके त्याच वर्षी व्यापारी बाहेरच्या छापील मालाकडे वळले. हप्ते थकले. आता तो सोलापुरात दुसऱ्याच्या कारखान्यात राबत होता. बायको ठकूबाईंच्या माजघरात, म्हातारी आई शेजारच्या तेल्याकडे, पोरी आणखी कुणाकडे, असं सगळ्या गल्लीनं ते कुटुंब वाटून घेतलं होतं. घर विकलं जाण्याआधी बाकी भरली, तर कुलूप निघणार होतं. म्हणून घर बघायला येईल त्याला गल्ली खोटं सांगून परतवून लावत होती. एक लिलाव असाच रिकामा गेला होता.

“आमाला पाप लागंल तर लागू द्या,” ठकूबाई म्हणाल्या. “आता तुमी खरं ऐकलंत. घ्यायचं तर घ्या.”

बळवंत मनात हिशेब करू लागला. या लिलावालाही दुसरं कुणी येणार नव्हतं. असं घर पुन्हा मिळणं नाही. एक बोली लावायची, की अनुसयाला हक्काचा उंबरठा... आणि त्या उंबरठ्यासमोर रोज सकाळी ठकूबाई.

तो तसाच मठात गेला.

“बाबा, गल्ली चांगली आहे. इतकी चांगली, की घर घेववत नाही.”

बाबांनी शेंगदाण्यांची मूठ त्याच्या हातावर रिकामी केली.

“मग आणखी एकदा जा. या खेपेला घर बघू नकोस.”

बळवंत वैतागला. घर बघायचं नाही, तर जायचं कशाला? पण गुरूचा शब्द, म्हणून गेला. रिकाम्या हातानं गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं चालत राहिला. आज कुणी त्याला काही सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. तेल्याच्या दारात दोरीवर एक जुनं लाल पागोटं वाळत होतं. त्यानं सहज ते बोटांत धरलं. कापड विरत आलं होतं, रंग मात्र तसूभर उतरला नव्हता.

“कुणी रंगवलं?”

तेल्यानं बंद घराकडे बोट केलं.

बळवंतच्या मंडपाचं कापड बाहेरगावाहून रंगून यायचं आणि एका उन्हाळ्यात विटायचं. दरवर्षी तो त्यावर चरफडायचा. आता ते पागोटं हातात धरून तो उन्हात उभा राहिला, आणि त्याला हसू फुटलं.

त्यानं अनुसयाला सगळं सांगितलं. घरासाठी साठवलेल्यातून सटवाजीला वर्षभराच्या कामाची उचल द्यायची, असं त्याच्या मनात होतं. दुपारी ती एकटीच रंगारगल्लीत गेली, ठकूबाईंकडे चहा पिऊन आली.

“द्या,” म्हणाली.

सटवाजी सोलापूरहून आला. तेल्याच्या परसात चुली मांडून गल्लीनंच भट्टी उभी केली. बाया लाकडं पुरवत, पुरुष ओलं कापड पिळत. गल्लीभर लाल, पिवळी, निळी ठाणं वाळू लागली. बळवंतनं परभणी-जिंतूरच्या मंडपवाल्यांना नमुने दाखवले, त्यांचीही कामं आली. लिलावाची तारीख उजाडायच्या आत बाकी भरली गेली.

बँकेचे साहेब किल्ली घेऊन आले, तेव्हा त्यांना गल्ली ओळखू येईना. बळवंतनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मंडप घातला होता, सगळं कापड सटवाजीच्या हातचं. हलगी कडाडत होती. कुलूप निघालं तसं सटवाजीच्या आईनं दाराच्या चौकटीवर दोन्ही हात टेकले आणि ती नुसती उभी राहिली. हलगीवाल्यानंही हात थांबवला. मग ती आत गेली, आणि हलगी पुन्हा घुमली.

पंगत उठल्यावर ठकूबाईंनी बळवंतला बाजूला बोलावलं. त्यांच्या दिराचं घर शेजारीच बंद पडून होतं. दीर नांदेडला स्थायिक झालेला, कितीतरी गिऱ्हाइकांना त्यानं नाही म्हटलं होतं. काल गल्लीतली माणसं जीप करून त्याला भेटून आली होती.

“तुमाला द्यायला तयार हाय,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला न्हाई.”

बळवंतनं मान फिरवली आणि मंडपाची दोरी उगाच घट्ट केली. जरा वेळानं तो पंगतीला आलेल्या बाबांजवळ येऊन बसला. डोळे ओले होते, पण छाती नेहमीसारखीच फुगलेली.

“बाबा, खूप पारखून घर मिळालं बघा.”

बाबांनी वर, रंगीत छताकडे पाहिलं... आणि हसले.

“पारख झाली खरी. कुणी कुणाची केली, ते मात्र विचारू नकोस.”