उभा राघू

ही गोष्ट मला नीट आठवते असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. लहानपणी ऐकली, मग शिकलो-सवरलो, आणि ऐकलेलं कुठे संपतं नि माझं कुठे सुरू होतं, हे आता कळेनासं झालंय. तरी सांगतो.

फार मागे, घाटाखालच्या पाणधोंडीत राघू झोरे नावाचा धनगर होता. डोंगर केव्हा सरकणार हे त्याला कळतं, असं म्हणत. पावसाळ्याआधी तो गावावरच्या उतारावर खैराच्या खुंट्या एका ओळीत ठोकी. मग रोज तिथल्याच एका धोंड्यावर बसून, एक डोळा मिटून, ओळ बघे. ओळ वाकली तर डोंगर हलला. नाही वाकली तर गावानं निवांत जेवावं.

एका श्रावणात ओढ्याचं पाणी तांबडं झालं. राघूची बायको तुळसा म्हणाली, आपण निघू या. राघूनं ओळ पाहिली. सुतासारखी सरळ. "काही होत नाही," तो म्हणाला, आणि शेळ्या घेऊन खिंडीकडे गेला. दुपारी उतार खाली आला. आठ घरं गेली, तुळसाही गेली. चिखल निवल्यावर लोकांनी पाहिलं, तर खुंट्या पार ओढ्याकाठी येऊन उभ्या होत्या, शेजारी राघूचा धोंडा होता, आणि ओळ अजून सरळच होती.

"वाकेल कशी?" म्हातारी गजराई म्हणाली. "डोंगर चालला तसा तुझा धोंडाही चालला. तू त्याच्याच पाठीवर बसला होतास, मेल्या."

राघूला त्यानंतर स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही. पुढच्या वर्षी नव्या खुंट्या ठोकून तो ओढ्यापलीकडे, काठच्या कातळावर जाऊन बसला. ओढा भरला की हाक पोचत नसे, म्हणून गावाला एवढंच सांगून गेला: "बसलेला दिसलो तर घरात राहा. उभा दिसलो की निघा. पुन्हा बसेपर्यंत फिरकू नका."

असं म्हणतात, तो बावीस दिवस बसला. घोंगडीवर शेवाळ धरलं, पाखरं त्याच्या खांद्यावर निवाऱ्याला येत. तेविसाव्या दिवशी राघू उभा राहिला.

गाव खिंडीत गेलं. थोडा उतार खचला, दोन गोठे गेले आणि सगळं शांत झालं. पोरं कुडकुडत होती, चुलीवर भात राहिला होता. लोक म्हणाले, झालं, एवढंच होतं. सगळ्यांनी खाली पाहिलं. खचलेल्या मातीनं ओढा तुंबला होता, पाणी कातळावर चढत होतं. राघू मागच्या झाडीत शिरला असता तर वाचता. पण तो दिसेनासा झाला असता, तर लोकांनी धोका टळला असंच धरलं असतं. तो उभाच राहिला. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. गजराई वाट अडवून उभी होती.

"बसला नाही अजून," एवढंच ती म्हणत राहिली.

मग उरलेला डोंगर आला.

असं म्हणतात, पाणी ओसरल्यावर राघू कातळावर तसाच उभा सापडला. चौघांनी जोर लावूनही गुडघे वाकेनात, म्हणून उभाच पुरला.

पाणधोंडीत अजून खुंट्या ठोकतात, पण त्या बघायला माणूस ओढा ओलांडून जातो. श्रावणात एक दिवस घरटी एक जण त्या कातळावर उजाडल्यापासून मावळेपर्यंत उभा राहतो. तोवर गावात कोणी बसून जेवत नाही.

यातलं किती खरं मानावं, मला कळत नसे. बऱ्याच वर्षांनी तालुक्याच्या कचेरीतलं जुनं दप्तर चाळायला मिळालं. त्या सालच्या नोंदीत एकच ओळ होती: दरडीखाली घरे एकतीस, माणूस एक.