जाळ्याचं कडवं

फार पूर्वी एका रानात मोराच्या संमतीशिवाय कुणी वडावरून गायचं नाही, असा रिवाज होता. साळुंकीनं बहिणीवर गाणं रचलं होतं. ती बहीण तळ्याकाठी शिकाऱ्याच्या जाळ्यात मेली होती.

मोर म्हणाला, "गळा गोड आहे गं पोरी. पण जाळ्याचं कडवं काढ. तळं ठेव, तळं छान आहे."

"मग बहीण मेली कशानं, मोरसाहेब?"

"विरहानं म्हण. कोण विचारतंय?"

वर्षानुवर्षं नकार ऐकून थकलेल्या साळुंकीनं ते कडवं गाळलं. वडावर गाणं झालं. पाखरं गहिवरली. मोरानं तिला माळ घातली.

सकाळी तेच गाणं गुणगुणत थवा तळं पाहायला निघाला. साळुंकी मागून ओरडत सुटली, "थांबा, तिथं जाळं आहे!"

"हे काल गाण्यात नव्हतं," कुणीतरी म्हणालं, आणि थवा खाली उतरला.