आटलेली टेप

शिंप्याची हत्यारं आपसात बोलत, तेव्हाची गोष्ट. केरबा शिंप्याची कापडी टेप चुकून उकळत्या पाण्यात पडली. वाळल्यावर तिला सगळं गाव फुगलेलं दिसू लागलं.

"कात्रीबाई, नवरदेवाची छाती चाळीसची बेचाळीस झाली!"

"तूच आटली असशील," कात्री म्हणाली.

टेपने घाबरून स्वतःला टोकापर्यंत वाचलं. "छे! पुरती साठ इंच आहे मी."

"कुणाच्या मापाने?"

केरबा नवरदेवाचा लग्नाचा कोट शिवायला घेत होता. कोट बिघडला, तर भर मांडवात केरबाचं हसं होणार होतं. पण त्याच टेपने अंग आणि त्याच टेपने कापड मोजून कापलेला कोट नवरदेवाला अगदी चपखल बसला.

"बघ, मी बरोबरच होते!" टेप हरखली. मग हळूच म्हणाली, "पण कात्रीबाई, मी आटले असते, तरी तो असाच बसला असता ना?"

कात्रीचं तोंड उघडलं ते मिटलंच नाही.