कुर्लीने मोकळी केलेली वाट

माणसांमध्ये मोठी साथ येऊन गेली, त्यानंतरची ही गोष्ट. माणसांनी फेकलेले मास्क दर भरतीला किनाऱ्यावर येऊन पडू लागले. तिथल्या खेकड्यांमधल्या एका म्हाताऱ्या कुर्लीला एके सकाळी मास्कच्या नाडीत पाय गुंतलेला कुरव पक्षी दिसला. तिने नांगीने नाडी कापून त्याला सोडवलं.

"उपकार झाले, मावशी," कुरव म्हणाला. "पण आता इथून दुसरीकडे जा. इतके मास्क तू एकटी कुठवर कापशील?"

"कासवीण वाळूत अंडी घालून गेलीय," कुर्ली म्हणाली. "उद्या पिल्लं निघतील आणि समुद्राकडे जाताना यातच अडकतील. सगळा किनारा काही मला साफ होणार नाही, पण त्यांच्यापुरती वाट मी करणारच."

ती दिवसभर मास्क ओढून बाजूला करत राहिली. ओढताना तिची एक नांगी तुटली, तरी ती थांबली नाही. ते पाहून कुरवही चोचीने मास्क उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिल्लं बाहेर आली आणि त्या अरुंद वाटेने पाण्यात शिरली. दुपारच्या भरतीने पुन्हा नवे मास्क आणून टाकले. कुरव त्यांच्याजवळ उतरला.

"मावशी, पलीकडे दुसऱ्या कासविणीनेही अंडी घातलीत ना, त्यातली पिल्लं कधी निघणार?"

"परवा," कुर्ली म्हणाली आणि उरलेल्या नांगीने तिने पहिला मास्क धरला.