शेवंतीच्या मापाचा घोडा

एका राज्यात शिंगरं दगडाची जन्मत. हसू नका, आधी ऐका. पागेपुढच्या अंगणात त्यांची रांगच्या रांग उभी होती. कान, शेपूट, इवले खूर, सगळं जिथल्या तिथं आणि सगळं काळ्या पाषाणाचं. एकेक शिंगरू जन्माला आलं आणि एकेक घोडी प्राणाला मुकली. पोटातून धोंडा यायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार!

राजाचं नाव शार्दूलसेन. माणूस वाईट नव्हता, पण हट्टी. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती काढायला कुदळ लागावी. त्याच्या घराण्याची एक रीत होती. वेशीच्या कमानीला उंचावर घंटा टांगलेली असे. दसऱ्याला सगळे घोडे तिच्याखालून चालवायचे, आणि ज्याचं डोकं लागून घंटा वाजेल तोच वळू ठरायचा. घोडी केवढी आहे, हे कुणी बघायचं नाही. घोडा मापला की झालं. पणजोबांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं, आता हा करीत होता.

सौदागर आता घोड्या विकायला त्या राज्यात पाऊल टाकीनात. पागेत घोडी उरली होती एकच, शेवंती. आईच्या मागे दूध पीत ती वेशीतून आत आली होती. पुढं आई दगड जन्माला घालताना गेली, तेव्हा राजकन्या मधुरेखेनं शेवंतीला गूळ-भाकरी चारून वाढवली. आता शेवंती वयात आली होती. अंगानं बुटकी, रंगानं बदामी, आणि अजून एकदाही न व्यालेली.

राजा म्हणाला, "यंदा शेवंतीला मेघडंबर लावायचा." मेघडंबर म्हणजे पागेतला सर्वांत उंच घोडा. त्याच्या पाठीवर चढायला शिडी लागे.

मधुरेखा म्हणाली, "महाराज, ती मरेल."

"दगड फोडायला घण मोठाच हवा, कन्ये. दसऱ्यापर्यंत दुसरा उपाय आणलास तर ऐकेन. नाहीतर घंटा सांगेल तसं."

राजकन्या शेवंतीला घेऊन तळ्याकाठी गेली आणि तिच्या गळ्यात पडून रडली. तिथं एक टिटवी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "अगं, रडतेस काय? मी टिटवी, माझं अंडं टिटवीच्या पोटाएवढं. मोराचं घालायला गेले असते तर आज इथं बडबडायला उरले असते का?"

"तू बोलतेस?"

"बोलते, म्हणून तर लोक धोंडे मारतात. अपशकुनी म्हणे! ऊठ. माझी अंडी नवरा बघेल. तुला घोडजोगिणीकडे नेते."

घोडजोगीण डोंगरापलीकडे राहत होती. तिच्या डोक्यावर केस नव्हते, आयाळ होती. शेवंतीला बघताच म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझी घोडी अशीच होती," ती म्हणाली. "तुझ्या पणजोबानं ती ओढून नेली आणि ताडमाड घोड्याला लावली. मी पाय धरले. तो म्हणाला, 'घंटा वाजली आहे.' शिंगरू अडकलं, दोघंही गेली. मी शाप दिला, पाठोपाठ उःशापही दिला. पण त्याच घंटेच्या गजरात त्यानं तो ऐकला नाही."

"मला सांगा, आई."

"आधी तीन कामं. ही दोरी घे. शेवंतीची खुरापासून कानापर्यंतची उंची घेऊन ये."

सोपं काम, नाही का? पण मुलगी कुठल्या राज्यातली! तिथं उंची म्हणजे इभ्रत. लाडकी घोडी जराशी उंच दिसावी म्हणून तिनं दोरीचं टोक हळूच मातीत दाबलं. दोरीनं फट्कन फणा काढला. "खोटं मापू नकोस," टिटवी ओरडली. मधुरेखेनं लाजून टोक वर घेतलं, खरं माप घेतलं आणि गाठ मारली. साप पुन्हा दोरी झाला.

"हे बाहेरचं माप," जोगीण म्हणाली. "आता आतलं. त्या खिंडीपलीकडे मातीची शिंगरं आहेत. एक उचल आणि खिंडीतून आण."

मधुरेखेनं सवयीनं सर्वांत मोठं उचललं. निम्म्या वाटेत त्याचे खांदे अडकले. पुढं जाईना, मागं येईना, आणि दोन्हीकडचा कातळ आवळू लागला. तेवढ्यात बाहेर शेवंती कळवळून ओरडली आणि जमिनीवर कोसळली. तेव्हा त्या पोरीला कळलं की खिंड कुणाची आहे. "चुकले गं, माझे बाई, चुकले!" असं म्हणत तिनं रक्ताळल्या हातांनी ते शिंगरू मागं ओढलं आणि बेताचं दुसरं आणलं. ते हळूच निघालं. बाहेर शेवंती उठून गवत खात होती.

तिसरं काम. जोगिणीनं टाळी वाजवली आणि तीन घोडे पुढं आले. तिन्ही देखणे, तिन्ही दोरीच्या गाठीला बरोबर टेकणारे. "निवड," म्हातारी म्हणाली.

मधुरेखा बराच वेळ बघत राहिली. उंची सारखी, मग निवडायचं कसं? टिटवी पुटपुटली, "माझी पोरं माझ्या सासूवरही जातात." मधुरेखेनं चमकून वर पाहिलं. मग तिनं पहिल्याला विचारलं, "तुझी आई केवढी होती?"

"ती एवढी उंच, की सज्ज्यातल्या कुंड्यांतली रोपं खाई. घरात बुटका मी एकटाच."

"तुझी?" तिनं दुसऱ्याला विचारलं.

"मी मोठा जन्मलो. तिनं मला पाहिलंच नाही," तो म्हणाला आणि त्यानं मान खाली घातली. मधुरेखेनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. तिसरा न विचारताच म्हणाला, "माझी आई बुटकी, बापही बुटका. मी जन्मलो तेव्हा शेजारणीला वाटलं, शेळी व्याली."

त्याचं नाव गूळखडा. राजकन्येनं त्याचाच लगाम धरला.

जोगीण हसली. "आता उःशाप ऐक. गादीवरचा राजा स्वतःच्या हातानं आधी घोडी मापील आणि तिच्या मापानं घोडा निवडील, त्या वर्षी दगडात जीव येईल. तुझं काम झालं, पोरी. त्याचं राहिलं आहे."

दसरा उजाडला. मेघडंबर कमानीखाली आला, घंटा ठणाणा वाजली. गूळखड्याचं डोकं घंटेच्या पुष्कळ खाली राहिलं. लोक हसले. राजा म्हणाला, "हा तुझा उपाय?"

मधुरेखा म्हणाली, "महाराज, घोड्याकडे नंतर बघा. एकदा शेवंतीच्या पुठ्ठ्यावर हात ठेवा. एवढंच मागते."

राजानं हात ठेवला. कमरेच्या या हाडापासून त्या हाडापर्यंत वीत पसरली आणि तो तिथंच थांबला.

"हिच्या आईची कंबर एवढीच होती," तो शेवटी म्हणाला. "ती गेली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सगळा दिवस ती माझ्याकडे बघत होती, आणि मी शापाला शिव्या देत होतो. घोडा मीच निवडला होता गं!" आणि राजा सर्वांदेखत रडला. रडू द्या. राजालाही डोळे असतात.

मग त्यानं दोरी मागितली, शेवंतीला स्वतः मापलं, आणि कमानीवर चढून घंटेची साखळी ढिली केली. घंटा शेवंतीच्या कानाइतकी खाली आली. गूळखडा चालत आला आणि घंटा वाजली. बिचाऱ्या मेघडंबराला कुणी बोल लावला नाही. तो जन्मलाच उंच, त्यात त्याचा काय दोष!

पुढच्या भाद्रपदात, उजाडता उजाडता, शेवंती व्यायला बसली. राजानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. शिंगरू हळूच निघालं आणि गवतावर पडलं. काळंभोर, ओलं, निश्चल. मधुरेखेनं डोळे मिटून घेतले. राजानं भीत भीत बोट लावलं. अंग गरम लागलं. आणि ते शिंगरू शिंकलं!

त्याबरोबर बाहेर अंगणात एकच कल्लोळ उठला. पिढ्यान्‌पिढ्यांची दगडी शिंगरं अंग झटकून उभी राहिली, आणि सगळी भुकेली. त्यांच्या आया तर केव्हाच गेलेल्या. मग नगरातल्या बायका गाई-शेळ्यांचं दूध घेऊन धावल्या, आणि ज्या घराचं दूध जे प्यालं ते त्या घराचं लेकरू झालं. त्यांतल्या थोराड हाडाच्या एका घोडीशी पुढं मेघडंबराचीही जोडी जमली. पण आधी तिला मापून, बरं का.

घंटा मात्र पुन्हा कुणी वर चढवली नाही. राजा उंच, त्यामुळं वेशीतून जाताना दर वेळी त्याचं कपाळ तिच्यावर आपटे. घंटा वाजे, राजा कपाळ चोळी आणि पागेकडे तोंड करून म्हणे, "विसरलो नाही गं, शेवंती."